या ठिकाणी, कमरेच्या उंचीवर

माणूस जातो, पण त्याचा शब्द मागे राहतो. हे वाक्य मी कितीतरी शोकसभांमध्ये ऐकलं आहे, आणि ते ज्यांच्याबद्दल उच्चारलं गेलं त्यांतल्या एकाचाही शब्द मला आठवत नाही. पण वाक्य खरं आहे असं क्षणभर धरून चाललं, तर आमचे शेजारी डोमाजी कापगते यांच्यामागे राहण्याजोगे शब्द दोनच निघतात. 'या' आणि 'ठिकाणी'.

कापगतेसाहेबांची सगळी नोकरी भंडाऱ्याच्या एका सरकारी कचेरीत झाली. नेमणूक कारकुनाची, काम समारंभांचं. कुठे पुलाची कोनशिला बसायची असो की बालवाडीत पाण्याचा माठ ठेवायचा असो, साहेब आधी पोचलेले असत. फीत, कात्री, हार, समई, समई विझू नये म्हणून पंख्याच्या बटणापाशी उभा केलेला शिपाई, ही सगळी मांडणी त्यांची. आणि माइक त्यांचा. 'या ठिकाणी मान्यवरांचं आगमन होत आहे.' 'या ठिकाणी मी साहेबांना विनंती करतो.' निवृत्त झाल्यावर ते साकोलीला, आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या आपल्या घरात राहायला आले. माइक कचेरीत जमा झाला. 'या ठिकाणी' सामानाबरोबर आलं.

आठवडी बाजारात ते भाजीवालीसमोर उभे राहून खणखणीत आवाजात विचारत, "या ठिकाणी वांगी कशी दिली?"

"याच ठिकाणी देऊन राहिली, साहेब," भाजीवाली म्हणाली. "दुसऱ्या ठिकाणी माही सवत बसते, तिले पुसा."

आमच्या गल्लीतला एक म्हातारा वारला तेव्हा स्मशानात साहेब दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "या ठिकाणी आता पार्थिवाला अग्नी देण्यात येत आहे, तरी सर्वांनी शांतता राखावी." शांतता सगळ्यात चांगली पार्थिवानेच राखली होती. मागे उभ्या असलेल्या एकाने सवयीने टाळी वाजवली.

घरात तर दिवसभर समारंभ असे. भिंतीपलीकडून आवाज येत राहायचा. या ठिकाणी उंबरठा आहे. या ठिकाणी बादली आहे. या ठिकाणी आपण डावीकडे वळणार आहोत. सुरुवातीला माझी बायको मंदा म्हणायची, "झालं बादलीचं उद्घाटन." मग तिने म्हणणं सोडलं, कारण पलीकडे काय चाललं आहे ते आम्हाला कळलं होतं. साहेबांच्या पत्नीला दिसत नव्हतं. डोळे साखरेने नेले, आधी एक, मग दुसरा. काकूंचं नाव सुलोचना. विनोद करणाऱ्यांची अशी सोय देव आधीच करून ठेवतो. मी ती वापरत नाही.

काकू काठी घेत नसत. "काठी घेतली का माणूस म्हातारा दिसते," त्या म्हणायच्या. कोणाला दिसतो, हे विचारायची आमची छाती नव्हती. साहेब ओसरीतल्या खुर्चीत बसून त्यांना सैपाकघरातून न्हाणीत, न्हाणीतून देवघरात, देवघरातून मागच्या अंगणात तोंडी चालवायचे. अंगणात विहीर आहे. जुनी, कमी उंचीच्या कठड्याची. विहिरीच्या बाजूला काकू वळल्या की साहेबांचा आवाज एकदम सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल इतका चढायचा. "या ठिकाणी विहीर आहे! विहीर!"

"विहीर काल बी तिथंच होती जी," काकू म्हणायच्या. "भाषण पुरे."

साहेबांना एक व्यसन होतं, आणि ते सांगायलाही संकोच वाटतो, कारण आमच्या जिल्ह्यात त्याला व्यसन म्हणत नाहीत. खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात हातावर घासलेला. पाहुण्याला पाणी द्यायला इथे लोक विसरतील, खर्रा विसरणार नाहीत. समारंभाच्या आधी एक, नंतर एक, आणि मधे भाषण लांबलं तर मंचाच्या मागे जाऊन एक. त्याने त्यांचं तोंड हळूहळू मिटत गेलं. पुढे पुढे भाकरीचा घास आडवा करून आत सरकवावा लागे. मग ते नागपूरला जाऊन आले. आम्हाला सांगितलं, दाढ आहे. पुन्हा जाऊन आले. पुन्हा दाढ. खर्रा सोडला. तोपर्यंत त्याने साहेबांना सोडायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या खेपेहून आले त्याच आठवड्यात ते माझ्याकडे येऊन म्हणाले, "सर, या ठिकाणी मी मोल्डर घेण्याचा निर्णय घेतला आहे."

मोल्डर म्हणजे काय, हे मला मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे माहीत नव्हतं. ते उरकुडा मिस्त्रींनी समजावलं. मिस्त्री आमच्या गल्लीचे सुतार. वय झालेलं, बोलणं चालू असलं की हात थांबतात, आणि बोलणं थांबत नाही. "लोखंडाचं टेबल राहते, सर. त्याच्या मधातून एक दांडा वर येते. दांड्याले कटर लावाचं, खालून मोटर. पट्टी सरकवली का कटरच्या आकाराचा काठ निघते. गोला पायजे तं गोला, गलता पायजे तं गलता." गोला म्हणजे फुगीर काठ, गलता म्हणजे खोलगट. मग मिस्त्रींनी आवाज खाली आणून आपल्या उजव्या हाताची अर्धी करंगळी मला दाखवली. "अन् बोट पायजे तं बोट."

"पण साहेबांना कशाला हवं?"

"तेच तं! पट्ट्या पायजे म्हणते. मी म्हटलं, नागपुरात तयार भेटतात, वेलबुट्टीच्या, कायच्या कायच्या. तं म्हणते, नाही, घरीच पायजे. आता दाढ दुखून राहिली अन् माणूस मशीन घेऊन राहिला. याले काय म्हणाव?"

लाखनीला एक फर्निचरचा कारखाना बंद पडला होता. तिथलं जुनं मोल्डर बघायला साहेबांनी मला आणि मिस्त्रींना नेलं. मशीन कोपऱ्यात पोत्यांखाली होतं. मालकाने बटण दाबलं. दांडा फिरू लागला आणि कुणीतरी दाराच्या फटीतून रडावं तसा बारीक आवाज आला.

"बेरिंग गेलं," मिस्त्री म्हणाले.

"नवीनच हाय," मालक म्हणाला. "बसून बसून आवाज करते."

"आमची बुढी बी तशीच हाय," मिस्त्री म्हणाले, "पण तिले कोणी इकत घेत नाही."

साहेब मात्र टेबलावरून हात फिरवत होते. डोळे मिटून. मला ते नाटकी वाटलं. मंचावर लोक प्रतिमेला हार घालताना असे डोळे मिटतात, फोटोग्राफरने बोलावेपर्यंत.

मशीन आलं. मागच्या अंगणात, विहिरीपासून लांब, टिनाच्या शेडखाली सिमेंटचा ओटा बांधून त्यावर बसवलं. बेरिंग बदललं. जुनी मोटर कारखान्याच्या विजेवर चालणारी, घरच्या विजेवर चालेना, म्हणून दुसरी लावली. टेबल सपाट आहे की नाही ते बघायला मिस्त्रींनी त्यावर लेव्हलची बाटली ठेवली. साहेबांनी ती उचलून बाजूला केली आणि काकूंना हाताला धरून आणलं. "या ठिकाणी हात ठेव."

काकूंनी तळहात फिरवला. "या कोन्यात उतरलं हाय."

मिस्त्रींनी बाटली पुन्हा ठेवली. बुडबुडा मधोमध होता. "बाटली तं बरोबर म्हणते, बाई."

"मंग बाटलीलेच राहू द्या इथं," काकू म्हणाल्या आणि आत निघाल्या. साहेबांनी त्या कोपऱ्याखाली पाचर ठोकवली. काकूंचं चुकलं होतं. आजही मशीन त्या बाजूला किंचित वर आहे.

मग उद्घाटन. ते होणार हे आम्ही गृहीत धरलं होतं. गल्लीतली झाडून सगळी माणसं बोलावली होती. मी अध्यक्ष. फीत मशीनच्या दांड्यापासून शेडच्या खांबापर्यंत बांधलेली. कात्री तीच, निरोपसमारंभात कचेरीने दिलेली. साहेब बोलायला उभे राहिले, आणि त्या दिवशी प्रथमच माझ्या लक्षात आलं की त्यांचा ठ बिघडला आहे. 'ठिकाणी' म्हणताना जीभ टाळूपर्यंत पोचत नव्हती. 'या थिकानी', असं ते येत होतं. त्यांनी भाषण आटोपतं घेतलं. हे त्यांच्या चरित्रातलं पहिलंच आटोपतं भाषण.

फीत कापली, नारळ फोडला, बटण दाबलं. दांड्याला राहिलेलं फितीचं टोक क्षणात गुंडाळून फाटून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्रींनी सागाची पट्टी टेबलावर सरकवली. भुसा उडायला हवा होता. त्याऐवजी किंचाळी आली, मग धूर. पट्टीचा काठ काळा पडत चालला.

ओसरीतून काकू ओरडल्या, "लाकूड जळून राहिलं जी!"

"बंद करा, बंद करा!" मिस्त्री मागे सरकले. "उलटी फिरून राहिली! कटरची धार तिकडे अन् हे फिरते इकडे. एवढ्यात नट सुटला असता तं अध्यक्षसाहेबाचं कपाळ होतं समोर."

सगळ्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मोटर लावणाऱ्याने दोन तारा उलट जोडल्या होत्या, असं नंतर निघालं. साहेबांनी घसा साफ केला. "मशीन उलटं फिरत असल्याची नोंद या थिकानी घेण्यात आली आहे. अल्पोपहाराची व्यवस्था ओसरीत आहे."

तारा बदलल्या. मशीन सुलटं फिरू लागलं, आणि आमच्या दुपारच्या झोपा संपल्या. साहेब आणि मिस्त्री सकाळपासून पट्ट्या काढायचे. ज्या काढल्या त्या काकूंच्या हातात जायच्या. पलीकडचे संवाद आता असे असत.

"हे कोणतं?" साहेब विचारायचे.

"गोला."

"अन् हे?"

"हे बी गोलाच."

"गलता हाय तो!" मिस्त्री कळवळून म्हणत. "बाई, एवढा खोल हाय, पाणी साचन त्याच्यात."

"हाताले सारखंच लागते, मिस्त्री. डोळ्याले वेगळं असन."

मग कटर बदलायचं, दांडा वर-खाली करायचा, पुन्हा पट्टी. नागपूरच्या तयार पट्ट्या साहेबांना का नको होत्या, ते मिस्त्रींना तेव्हा कळलं. त्या सगळ्या डोळ्यासाठी केलेल्या असतात. पण साहेबांचा पुढचा हुकूम ऐकून मिस्त्री आमच्याकडे पाणी प्यायला आले ते तासभर बसले. पट्ट्या भिंतीला लावायच्या होत्या. छताशी नाही, जमिनीशी नाही. कमरेच्या उंचीवर.

"सर, तुमी शिकले-सवरले. पट्टी वर लावतात, नाहीतर खाली लावतात. मधात कोण लावते? घर हाय का मालगाडीचा डबा?"

मी शिकलेला असल्यामुळे याचं उत्तर देण्यासाठी शेजारी गेलो.

शेडमध्ये साहेब एकटेच होते. मशीन बंद होतं आणि ते टेबलावरचा भुसा हाताने एका बाजूला गोळा करत होते. मी विचारलं. त्यांनी आधी ओसरीकडे पाहिलं. काकू आत होत्या. मग ते बोलले, आणि मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात पहिल्यांदाच मंचावरचं बोलले नाहीत.

"जीभ काढून राहिले, सर."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"अर्धी का पुरी, ते आत गेल्यावर थरवतीन म्हणते डॉक्टर." त्यांनी भुशाची रास पुन्हा पसरली. "माहं काही नाही. बोलून बोलून झालं. पण मी बोललो नाही, तं तिले सांगन कोण? उंबरथा सांगन का? विहीर सांगन?"

म्हणून सैपाकघराच्या वाटेला गोला. न्हाणीच्या वाटेला गलता. देवघराकडे जाणाऱ्या भिंतीला दोन नाळी, म्हणजे बोट बसेल अशा लांब खाचा, शेजारी शेजारी. आणि मागच्या दारापासून विहिरीकडे जाणाऱ्या भिंतीला एकीकडे उतरता काठ. त्यावरून तळहात घसरतो, घसरला की थांबायचं. हे सगळं त्यांनी घरभर भिंतींवर हात ठेवून ठरवलं होतं. दवाखान्याची तारीख जवळ आली होती. "तवापर्यंत मशीन चाललं पायजे, एवढंच हाय. तिले दाढच सांगितली हाय."

मी घरी येऊन मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "काकूंना माहीत आहे. परवा भिंतीपाशी म्हणत होत्या, आमच्या याइचा ठ गेला, आता बाकीची अक्षरं किती दिवस."

"मग त्या साहेबांना सांगत का नाहीत?"

"त्या म्हणाल्या, लपवाले तं काही राहू द्या त्याइले."

पट्ट्या तयार झाल्या. भिंतीला लागायच्या आधीच साहेबांना निघावं लागलं. जायच्या सकाळी ऑटो दारात उभा असताना ते घरभर एकदा फिरले, काकूंना सोबत घेऊन. आम्हाला भिंतीतून ऐकू येत होतं. या थिकानी उंबरथा. या थिकानी बादली. या वेळी काकू 'भाषण पुरे' म्हणाल्या नाहीत.

साहेब नागपूरला असताना मिस्त्रींनी पट्ट्या ठोकल्या. काकू एकट्या होत्या, मंदा सोबतीला जायची. बोलताना मिस्त्रींचे हात या वेळी थांबले नाहीत, म्हणजे जे व्हायचं ते झालं.

साहेब परत आले तेव्हा गालापासून गळ्यापर्यंत बँडेज होतं, नाकात नळी, आणि अंगावरचा शर्ट दुसऱ्या कोणाचा तरी मागून आणल्यासारखा. ते खुर्चीत बसले नाहीत. सरळ भिंती बघत निघाले, मागून मी आणि मिस्त्री. गोल्यावरून हात फिरवला, मान हलवली. गलता, मान हलवली. दोन नाळी, मान हलवली. मागच्या दाराशी आले, विहिरीकडच्या पट्टीवर हात ठेवला आणि थांबले. मग मिस्त्रींकडे वळून दोन्ही हातांनी हवेत काहीतरी उलथंपालथं करू लागले. तोंडातून आवाज येत होता. शब्द नव्हता.

मिस्त्रींनी हात जोडले. "साहेब, पाया पडतो. आता तरी खर्रा नका मागू."

तळहातावर तळहात उलटा पडत होता, तो खरंच खर्रा घासल्यासारखा दिसत होता. साहेबांनी अजून जोरात उलटला. मिस्त्री अजून कळवळले. मलाही काही समजेना. तेवढ्यात गोला, मग दोन नाळी, असं धरत धरत काकू एकट्या मागच्या दारापर्यंत आल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांचा हात विहिरीकडच्या पट्टीवर पडला आणि चटकन मागे आला.

"उलटी लावली, मिस्त्री. उतार खाली गेला, धार वर आली."

मिस्त्रींनी वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "काढतो, बाई. आत्ताच्या आत्ता काढतो."

"नोको काढू."

"अवं, हात कापन!"

"टोचते थोडं." काकूंनी पुन्हा हात ठेवला, या वेळी बेताने. "तिकडे विहीर हाय. टोचलंच पायजे."

साहेबांचे हात हवेत होते ते खाली आले. काकूंनी अंदाजाने त्यांची बाही धरली. "चला जी. या ठिकाणी ऊन लागून राहिलं," असं म्हणाल्या आणि दोन नाळी धरून त्यांना आत घेऊन गेल्या.

त्यालाही आता बरेच महिने झाले. शोकसभेत सांगतात त्याच्या उलट इथे घडलं आहे. शब्द गेला, माणूस मागे राहिला. साहेब दिवसभर शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. डॉक्टर काही नीट सांगत नाहीत, आणि साहेबांना विचारता येत नाही. खायला पातळ पेज, तीही गाळून. मोल्डर चालू स्थितीत आहे. कटर काढून ठेवलं आहे. नुसता दांडा फिरतो.

या उन्हाळ्यात काकूंनी हाताच्या अंदाजाने कुरड्या घातल्या आणि त्या अंगणात खाटेवर वाळत टाकल्या आहेत. साहेबांना त्या खाता येणार नाहीत, पण राखण त्यांच्याकडे आहे. त्यांना 'हाड' म्हणता येत नाही. म्हणून ते मशीनचं बटण दाबतात. मोटर घुमते, आमची झोप मोडते, आणि आतून गोला, नाळी, उलटी पट्टी अशी वाट धरत काकू दारापर्यंत येतात. "आली जी," म्हणतात, "काय पायजे?"

बहुतेक वेळा कावळा असतो.